लॅटिन संक्षेप आणि आपले अनुवाद

इंग्रजी ग्रंथांच्या आधारे मराठीत होणाऱ्या धर्मशास्त्रीय लिखाणात एक दोष वारंवार आढळतो. तो दिसायला लहान आहे, म्हणून दुर्लक्षित राहतो. त्याचे परिणाम मात्र लहान नाहीत. इंग्रजी वाक्यात मधूनच येणारी ‘ई. जी.’, ‘आय. ई.’, ‘सी. एफ.’ ही संक्षिप्त रूपे मुळात लॅटिन आहेत. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत आणि विद्यापीठांत शतकानुशतके लॅटिन हीच विद्येची भाषा होती. हस्तलिखिते उतरविणारे लेखनिक श्रम व चर्मपत्र वाचविण्यासाठी शब्द आखूड करीत. ती सवय छापील इंग्रजीतही टिकली. आपला अनुवादक मात्र या अक्षरांना विरामचिन्हांइतकेच महत्त्व देतो आणि हाताशी येईल तो मराठी शब्द ठेवून पुढे जातो.

‘आय. ई.’ म्हणजे ‘इद एस्त’: जे सांगितले तेच अधिक स्पष्ट करून सांगणे. ‘ई. जी.’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’: अनेकांतून एकदोन उदाहरणादाखल घेणे. पहिले रूप अर्थाला कुंपण घालते. दुसरे दार उघडे ठेवते. मराठीत दोन्हींसाठी सर्रास ‘म्हणजे’ लिहिले जाते.

हा दोष मी इतरांच्याच पदरी टाकीत नाही. धर्मशिक्षकांसाठी एका इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करताना मी लिहिले होते : ‘संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा व प्रभुभोजन’. मुळात ‘ई. जी.’ होते. पुढे एका वयस्क धर्मशिक्षकाने नम्रपणे विचारले, “फादर, बाकीचे पाच कुठे गेले?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्रेंतच्या परिषदेने १५४७ साली संस्कार सात असल्याचे निश्चित केले. चर्च ऑफ इंग्लंडच्या एकोणचाळीस कलमांनी शुभवर्तमानात प्रभूने नेमलेले म्हणून दोनच मानले. सोळाव्या शतकात ज्या प्रश्नांवरून ख्रिस्तसभा दुभंगली, त्यांपैकी एकाचे उत्तर मी अनवधानाने, एका शब्दाने, बदलून टाकले होते.

‘सी. एफ.’ची गतही अशीच होते. ‘कॉन्फेर’ हे आज्ञार्थी रूप आहे. ‘एकत्र आणून ताडून पाहा’ असा त्याचा अर्थ. आपण नुसते ‘पाहा’ लिहितो. योहान १:१ या वचनापुढे ‘पाहा उत्पत्ती १:१’ असे छापले की विद्यार्थी दुसऱ्या वचनाला पहिल्याचा पुरावा समजतो आणि पुढे जातो. ‘तुलना करा’ म्हटले असते तर तो थांबला असता. एका ‘प्रारंभी’ देव निर्मिती करतो, दुसऱ्या ‘प्रारंभी’ शब्द आधीच आहे; हा फरक त्याच्या ध्यानी आला असता. लूक २:१९ मध्ये पवित्र मरिया घडलेल्या गोष्टींचे अंतःकरणात मनन करते, तेथे लॅटिन वुल्गाता भाषांतराने याच धातूचे रूप योजिले आहे. तळटीपेतील त्या दोन अक्षरांकडे आपण किती वरवर पाहतो, हे यावरून कळावे.

लॅटिन आपल्याला परकीच राहणार, असा याचा अर्थ नव्हे. काही ठिकाणी मराठी इंग्रजीहून तिच्या अधिक जवळ जाते. आपल्या कबरस्तानांतील शिळांवर ‘आर. आय. पी.’ ही अक्षरे दिसतात. ती ‘रेक्विएस्कात इन पाचे’ या प्रार्थनेची आद्याक्षरे होत. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही योगायोगाने तीच असली, तरी ते शब्द मृताला उद्देशून केलेल्या आज्ञेसारखे वाटतात. लॅटिन क्रियापद तृतीयपुरुषी इच्छा व्यक्त करते. ‘तो शांतीत विसावो’ या मराठी वाक्यातला ‘ओ’कार ती नेमकी पेलतो. असे असताना ‘शांतीत विसावला’ असे लिहून प्रार्थनेचे निवेदन करण्याचे कारण काय?

उपाय अवघड नाही. ‘ई. जी.’साठी ‘उदाहरणार्थ’, ‘आय. ई.’साठी ‘म्हणजे’, ‘सी. एफ.’साठी ‘तुलना करा’, आणि यादी पुरी द्यावयाची असेल तेथे येणाऱ्या ‘विझ.’साठी ‘पुढीलप्रमाणे’, एवढे चार शब्द आपण एकमताने पाळावेत. अनुवाद छापावयास देण्यापूर्वी प्रत्येक ‘म्हणजे’ मूळ पानाशी ताडून पाहावा. आपली पुस्तिका हाती घेऊन मुलांपुढे उभ्या राहणाऱ्या धर्मशिक्षकापाशी मूळ पान नसते. आपण लिहू तेच तो शिकवितो.