फॅनी बर्नीचें एक पत्र

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासांत फॅनी बर्नी हें नांव विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतें पाठ असतें. जन्म १७५२, ‘एव्हेलिना’ १७७८, मृत्यु १८४०. पुढें जेन ऑस्टेनला वाट मोकळी करून देणारी लेखिका. एवढी टीप वहींत उतरली कीं त्यांचा नि तिचा संबंध संपला. आम्हींहि पुष्कळ वर्षें याहून अधिक कांहीं शिकविलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु आमच्या मतें या बाईचें सर्वांत समर्थ लेखन तिच्या कोणत्याहि कादंबरींत नसून, तिनें आपली बहीण एस्थर हिला पॅरिसहून लिहिलेल्या एका लांबलचक पत्रांत आहे. स्तनांतील गांठीवर झालेली शस्त्रक्रिया हा त्या पत्राचा विषय. घरांत सर्वांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत हा विषय कां, असें ज्या वाचकांस वाटेल त्यांनीं लेख संपेपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंति.

बर्नीनें १७९३ सालीं दार्ब्ले नांवाच्या एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं विवाह केला. १८०२ मध्यें ती पतीकडे फ्रान्सला गेली, आणि इंग्लंड-फ्रान्समधील युद्ध पुन्हां पेटल्यामुळें दहा वर्षें तिकडेच अडकून पडली. १८१० च्या ऑगस्टच्या सुमारास तिला स्तनांत बारीकसें दुखूं लागलें. दुखणें आठवड्यागणिक वाढत होतें, पण तीव्र नव्हतें. म्हणून तिनें मनावर घेतलें नाहीं. पतीनें वैद्याला दाखविण्याचा आग्रह धरला, मैत्रिणीनें विनविलें. बाई आज-उद्यां करीत राहिली. अखेर नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शस्त्रवैद्य लारे याच्या हातीं प्रकरण गेलें, आणि ३० सप्टेंबर १८११ रोजीं तिच्या राहत्या घरींच शस्त्रक्रिया झाली. ईथरनें भूल देण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १८४६ चा. बर्नीला मिळालें तें केवळ एक मद्यमिश्रित पेय.

पत्राचा पहिला भाग रेंगाळतो, आणि पहिल्या वाचनीं आम्हांला तो कंटाळवाणा वाटला होता. वैद्यांचे सौजन्य, मैत्रिणींची माया, पतीची काळजी यांचीं वर्णनें संपतां संपत नाहींत. संपादकानें कात्री लावली असती तर बरें, असाहि विचार मनांत येऊन गेला. पण दुसऱ्या वाचनीं हा दोष राहिला नाहीं. बाई पत्रांतहि तेंच करीत आहे, जें तिनें वर्षभर केलें होतें. विषय समोर आहे, आणि ती त्याच्याभोंवतीं फिरत आहे. हें तिनें जाणूनबुजून योजिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणूनच तें खरें आहे.

मग एकदम सात काळे पोशाख केलेले पुरुष खोलींत शिरतात. तिला सूचना मिळालेली असते अवघ्या दोन तासांपूर्वीं. पतीला कांहीं कळूं नये अशी तजवीज तिनें आधींच केलेली. तिच्या तोंडावर एक तलम रुमाल घालतात. रुमाल इतका पारदर्शक कीं भोंवतीं उभीं असलेलीं माणसें आणि झळकणारें पोलाद त्यांतून दिसतें. एखाद्या आधुनिक लेखकाला हा रुमाल सांपडता तर त्यानें त्याचें केवढें प्रतीक केलें असतें! बर्नी फक्त कापड तलम होतें एवढेंच सांगते व पुढें जाते. लारे विचारतो, स्तन कोण धरील? कोणी उत्तर देत नाहीं. तेव्हां रुग्ण स्वतःच उठून म्हणते कीं मी धरतें. सातहि पुरुषांत जो शब्द निघाला नाहीं तो तिच्या तोंडून निघाला. पुढचें वर्णन येथें उतरण्याची आमची इच्छा नाहीं. एवढेंच सांगतों कीं सर्व मिळून वीस मिनिटें लागलीं, आणि अखेरीस तिनें डोळे उघडून पाहिलें तों लारे तिच्याइतकाच पांढराफटक पडलेला होता. स्वतःच्या देहावरचे घाव सोसून झाल्याक्षणीं घाव घालणाऱ्याच्या चेहऱ्यावरील दुःख टिपणारी ही दृष्टि जातिवंत कादंबरीकाराची आहे. हें पत्र पुरें करण्यास तिला कित्येक महिने लागले. लिहितांना डोकें दुखे, आणि लिहिलेलें पुन्हां वाचण्याचें धैर्य तिला झालें नाहीं.

इतकें असून तिनें तें लिहिलें कशासाठीं? याचें उत्तर पत्राच्या आरंभींच आहे, आणि टीकाकारांचें लक्ष शस्त्राकडे लागल्यामुळें त्याकडे सहसा जात नाहीं. आपला फाजील आत्मविश्वास बहिणींना व भाच्यांना इशारा व्हावा म्हणून आपण सांगत आहों, असें ती स्पष्ट म्हणते. तेव्हां ही केवळ आपबीती नव्हे. घरांतल्या बायकांसाठीं लिहिलेली ती सूचना आहे. त्यानंतर बर्नी आणखी २८ वर्षें जगली. एवढें आयुष्य लाभलें, तेव्हां गांठ कर्करोगाचीच होती कीं नाहीं याविषयीं अलीकडे शंका घेतली जाते. असो, पत्राचें मोल त्यावर अवलंबून नाहीं.

आतां आपल्याकडचीं सूचनापत्रकें पाहावीं. ‘स्तनांत गांठ आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ कोणाला आढळल्यास? कोणीं घ्यावा? वाक्यांत बाई कोठेंच नाहीं. आम्ही वर्गांत संस्कृत कवींचीं स्त्रीदेहवर्णनें निर्विकारपणें शिकवितों, पण तोच शब्द स्वैपाकघरांत उच्चारला कीं घरांतलीं माणसें भिंतीकडे पाहूं लागतात. मराठी बायकांनीं यावर आपली तोड काढलेली आहे: त्या ‘अंग’ म्हणतात. मूल अंगावर पितें, अंगावरचें दूध तुटतें. शब्द सुंदर आहे, मायेचा आहे. परंतु बाळाचें दूध तुटल्यावर त्या अंगाविषयीं बोलण्याचें कारणच भाषेंत उरत नाहीं, आणि रोग तर बहुधा त्यानंतरच्या वयांत येतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. बायकांना दर महिन्यास स्वतःची तपासणी करावयास शिकविलें म्हणजे काम झालें, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती पुरती टिकली नाहीं. शांघायमधील कापडगिरण्यांतील २,६६,००० हून अधिक स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. शिकविलेल्या व न शिकविलेल्या स्त्रियांत या रोगानें झालेल्या मृत्यूंचें प्रमाण सारखेंच निघालें. निरुपद्रवी गांठी मात्र शिकविलेल्यांत अधिक सांपडल्या व त्यांच्यासाठीं नाहक सुया-शस्त्रें सोसावीं लागलीं. याउलट मुंबईंत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीं १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना रोगाची माहिती दिली आणि शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, चार वेळां, हातानें त्यांची तपासणी केली. २०२१ मध्यें निष्कर्ष आला: पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं घटले, त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाहीं. म्हणून आतां पंचांग पाहून तपासणी करण्यावर जोर नाहीं. आपलें अंग नेहमीं कसें असतें हें ठाऊक असावें, आणि नवी गांठ, कातडीला पडलेली खळी, आंत ओढलें गेलेलें बोंड, त्यांतून येणारें रक्त, कांखेंतला फुगवटा यांपैकीं कांहीं दिसल्यास लगेच बोलावें, एवढेंच सांगतात. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, हेंहि सांगतात.

बर्नीची गांठ दुखत होती. तो अपवाद समजावा. कर्करोगाची गांठ पुष्कळदां मुळींच दुखत नाहीं, आणि घोटाळा होतो तो येथेंच.

हें आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. आमच्या थोरल्या भगिनी वैधव्यानंतर आमच्याच घरीं राहात. त्यांना स्नान करतांना डाव्या बाजूस हरभऱ्याएवढें कांहीं हाताला लागलें. हात चुकला नव्हता. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. सात महिन्यांनीं कातडी ओढली गेली तेव्हां आमच्या पत्नीनें पाहिलें व विचारलें, “वन्सं, हें किती दिवसांचं?” त्या म्हणाल्या, “दुखत नव्हतं ग, म्हणून बोलले नाही. आणि दादाला काय म्हणून सांगायचं?” घरांत आम्हांला त्याहि मुलांप्रमाणें दादाच म्हणत. दोन वर्षांनीं ताई गेल्या.

ताईंना इंग्रजी चांगलें येत असे. मॅट्रिकला त्यांना आमच्याहून अधिक गुण होते. दुपारीं आमच्या कपाटांतून त्या कादंबऱ्या नेत, आणि ‘एव्हेलिना’ त्यांनीं दोनदां वाचली होती. बर्नीच्या पत्रांचा खंड त्याच फळीवर, तिच्या शेजारींच होता. तो आम्हीं त्यांना कधीं काढून दिला नाहीं. त्यांत तसलें एक पत्र आहे, हें आम्हांस ठाऊक होतें.