‘हॉब्सन-जॉब्सन’मधील मराठी : ‘बमेलो’ आणि ‘बॉम्बे डक’ या नोंदींची चिकित्सा

इंग्रजी भाषेतील हिंदुस्थानी शब्दांचा विचार ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाला वगळून करता येत नाही. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी सिद्ध केलेला हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. बर्नेल त्यापूर्वीच, १८८२ साली, निवर्तले होते. विल्यम क्रुक यांनी संपादिलेली दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये निघाली. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो केव्हा, कोणी, कोणत्या रूपात वापरला हे सालवार अवतरणांनी दाखविणे, हे या कोशाचे खरे सामर्थ्य होय. त्यामुळेच ऑक्सफर्ड कोशकारांनीही त्याचा भरपूर उपयोग करून घेतला.

तथापि या कोशातील मराठीची बाजू दुबळी आहे. यूल बंगाल इंजिनिअर्समधील, बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेतील आणि क्रुक उत्तर हिंदुस्थानातील अधिकारी. तिघांपैकी कोणाचीही नोकरी मराठी मुलखात मुरलेली नव्हती. मराठी त्यांना भेटते ती प्रामुख्याने मोल्सवर्थच्या कोशातून, म्हणजे छापील पानावरून. बाजारातून वा बंदरावरून नव्हे. ‘बमेलो’ ही नोंद या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

‘बमेलो’ म्हणजे आपला बोंबील. ताजा तळला असता उत्तम लागणारा आणि वाळविल्यावर ‘बॉम्बे डक’ या नावाने इंग्लंडात जाणारा मासा, असे त्याचे वर्णन करून कोशकार म्हणतात की, दोन्ही नावांचे मूळ अस्पष्ट आहे. लगेच पुढच्याच वाक्यात मोल्सवर्थच्या आधारे ‘बोंबील’ वा ‘बोंबीला’ हा मराठी शब्द नोंदविला जातो. खाली पहिले अवतरण आहे ते जॉन फ्रायर या प्रवाशाचे, १६७३ सालचे. माझगाव या कोळीवस्तीत ‘बंबेलो’ नावाचा मासा प्रसिद्ध असून तो गरिबांचा आहार आहे, असे फ्रायर सांगतो. शब्द, स्थळ, तो बोलणारा समाज आणि साल ही चारही अंगे एकाच नोंदीत हजर असताना ‘मूळ अस्पष्ट’ हा निर्णय टिकत नाही. मराठी ‘बोंबील’चीच पुढची व्युत्पत्ती अंधारात आहे, असा कोशकारांचा आशय असेल तर तो रास्त ठरेल, पण मग तसे स्पष्ट म्हणावयास हवे होते. इंग्रजी शब्दाचा उगम आणि त्या उगमाचा उगम हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘बंबेलो’तील अन्त्य स्वराचा उलगडा कोशात नाही. मराठी व्याकरण जाणणाऱ्यास मात्र येथे एक धागा सापडतो. ‘बोंबील’चे सामान्यरूप ‘बोंबला-’ असे होते : बोंबलाचे कालवण, बोंबलांचा वाटा. विक्रीच्या बोलण्यात हे रूप मूळ रूपाइतकेच कानी पडते. परक्या कानाने तेच उचलले असावे, हा तर्क आहे. परंतु शब्दकोशातील प्रथमेच्या रूपापेक्षा तो बोलीला जवळचा आहे.

‘डक’चा प्रश्न अधिक अवघड. वर्गांतून आणि वृत्तपत्रांतून हमखास सांगितली जाणारी कथा अशी की, सुके बोंबील रेल्वेच्या टपालगाडीतून जात, त्यांचा वास डब्यांना लागे, म्हणून ‘बॉम्बे डाक’ आणि त्यावरून ‘बॉम्बे डक’. कथा आकर्षक आहे, पण ती कालगणनेसमोर कोसळते. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये ‘डक्स’ अशी स्वतंत्र नोंद आहे : मुंबई सेवेतील साहेबांचे ते टोपणनाव, आणि कोशकारांच्या मते ते माशाच्या नावावरूनच पडलेले. त्याखालील अवतरण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे, १८०३ सालचे आहे. माणसांना माशावरून नाव पडले असेल, तर माशाचे नाव त्याहूनही जुने. म्हणजे रेल्वेच्या किमान अर्धशतक आधीचे.

रेल्वेपूर्वी डाक हरकाऱ्यांमार्फत चालतच होती, असा बचाव कोणी करील. त्यालाही उत्तर याच कोशात आहे. ‘डाक’ची नोंद तेथे ज्या वर्णलेखनाने येते त्याचा उच्चार ‘डॉक’कडे झुकणारा, दीर्घ स्वराचा आहे. तत्कालीन इंग्रजांच्या कानाला ‘डाक’ आणि ‘डक’ एकसारखे वाटत नव्हते. टपालाची कथा ही नावाचे खरे कारण विसरल्यानंतर रचलेली लोकव्युत्पत्ती मानावी लागते. कोशकारांनी येथे कोणतीही गोष्ट रचली नाही, हा त्यांचा संयम दाद देण्याजोगा आहे.

हा संयम मराठी अभ्यासकांनाही पाळावा लागेल. ‘मंगूज’ या शब्दाचे उदाहरण घ्यावे. ‘हॉब्सन-जॉब्सन’ त्याचा संबंध प्रथम तेलुगूशी जोडतो आणि जर्डनचा हवाला देऊन ‘मंगूस’ हे दख्खनी व मराठी रूप मागाहून सांगतो. आजचे इंग्रजी कोश मात्र तो मराठीतून आल्याचे नोंदवितात, आणि मराठीत तो द्राविडी भाषांतून आला असावा अशी पुस्तीही काही कोश जोडतात. इंग्रजीला शब्द मराठीने दिला, हे म्हणताना तो मराठीचाच होता हे आपोआप सिद्ध होत नाही. बोंबिलालाही हीच कसोटी लागू आहे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळे, करावे, सारसोळे ही खाडीकाठची गावे मासेमारीवर जगत होती. नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या वर्गांत या घरांतील मुले बसतात. ज्या शब्दाचे मूळ कोश अस्पष्ट म्हणतो, तो त्यांच्या घरच्या स्वयंपाकातला आहे. कृश माणसाला ‘सुका बोंबील’ म्हणण्याची लकब त्यांना शिकवावी लागत नाही. माशाची ताजी, अर्धसुकी आणि कडक वाळलेली स्थिती त्यांच्या बोलीत वेगळी ओळखली जाते. कोशात ताजा आणि सुका इतकाच भेद येतो. १९९५ साली ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव मुंबई झाले, पण माशाचे इंग्रजी नाव तेच राहिले, आणि त्याबरोबर टपालगाडीची कथाही.