भोंगा, मनोरा आणि दहा बाय बारा

इमारतींवर लिहिणारे आपले पांढरपेशे समीक्षक कमानी मोजतात, खांब मोजतात. इमारत कुणाचा वेळ खाते ते कुणी मोजत नाही. मी साच्यावर राबलेला माणूस. मला आधी वेळ दिसतो, दगड मागनं.

राजाबाई टॉवर घ्या. १८७८ साली पुरा झाला, उंची २८० फूट. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. तो मुंबईत कधी आलाच नाही. पैसा प्रेमचंद रायचंदचा, म्हणजे कापसाचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, इथल्याला सोन्याचा भाव आला. त्यातनं हे घड्याळ उभं राहिलं. २०१८ मध्ये युनेस्कोनं फोर्ट-मरीन ड्राइव्हच्या इमारतींना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा मनोराही आला. आपली हरकत नाय. पण कापसाचं सूत काढणाऱ्याची वेळ मनोऱ्यावर नव्हती, गिरणीच्या भोंग्यात होती. घड्याळ बघायला मान वर करावी लागते. भोंगा झोपेत घुसतो. परळ-लालबागच्या चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या त्या काय हवेसाठी? माणूस हाकेच्या अंतरावर हवा होता.

१ जानेवारी १९०६ ला सरकारनं साऱ्या हिंदुस्थानची एक प्रमाण वेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढं. म्हणजे भोंगा सहाचाच, पण जुन्या हिशेबानं पाच एकवीसला. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम नाकारलं, दगड मारले. शिकलेल्यांनी सभा घेतल्या, अर्जांवर सह्या केल्या. सही करणारा नागरिक ठरतो, दगड मारणारा दंगलखोर. माझ्या लेखी तो दगड ही समीक्षाच होती.

पण भोंगा एक म्हणून गिरणी एक झाली नाही. विणाई खात्यात दाम जादा. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला. गेट तेच, भोंगा तोच, मधे जातीची भिंत. कामगार एकजुटीवर लिहिणाऱ्यांच्या नकाशात ही भिंत दिसत नाही. ती आपण काढायची.

आता खोली. दहा बाय बारात आठ-दहा माणसं. जागा पुरत नाही तेव्हा ती वेळेतनं कापून घ्यावी लागते. रातपाळीवाला घरी येतो आणि दिवसपाळीवाल्यानं सोडलेल्या वळकटीवर पडतो. अंथरूण एक, पाळ्या दोन. लोअर परळच्या डबक चाळीत हेच गणित होतं. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग पोराला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. म्हणजे पोराचा अभ्यास बापाच्या झोपेतनं यायचा. पुढं परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या झाल्या, त्यानंतर दादरचं राजगृह. लोक म्हणतात, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं. बरोबर आहे. पण मला त्यात आणखी एक दिसतं: कुणाच्या झोपेला हात न लावता वाचता येईल, असा वेळ त्यांनी विटांत बांधून घेतला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणगावाचा कणा मोडला. आज फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे. चिमणी शोभेला ठेवलीय. भोंगा कोण ठेवील? त्याची आठवण गिऱ्हाइकाला परवडत नाही.

बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्या पाडून ५०० चौरस फुटांची घरं देताहेत. वरळीत २०२५ मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. चाळीतल्या कोंदट अंधाराची आरती आपल्याला ओवाळायची नाही, ते काम दक्षिण मुंबईतल्या हळव्या लेखकांनी करावं. आपलं काम वेगळं. वही घ्या आणि उरलेल्या चाळींत जा. म्हाताऱ्यांना विचारा: या खोलीत कुठल्या पाळीला कोण झोपायचं, पोरं दिव्याखाली किती वाजता बसायची, बाई कधी पाठ टेकायची? विशेषतः शेवटचं विचारा. तिचा भोंगा तर कुठल्याच गिरणीवर नव्हता.