मालक जनुक कोणाचे मालक?

वॉल्टर गेरिंग यांचे 'मास्टर कंट्रोल जीन्स इन डेव्हलपमेंट अँड इव्होल्यूशन' हे पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. पण त्याच्या शीर्षकातील 'मास्टर', म्हणजे मालक, हा शब्द वर्गात नेताना सावध राहावे, असे आम्हाला वाटते.

पुस्तकाचा गाभा १९९५ सालच्या प्रयोगात आहे. बाझेलच्या प्रयोगशाळेत गेरिंग आणि सहकाऱ्यांनी फळमाशीचे 'आयलेस' हे जनुक भलत्याच जागी चालू केले. पंखांवर, पायांवर, शृंगिकांवर डोळे उगवले! उंदरातले त्याच जातीचे पॅक्स-६ जनुक वापरले, तरी माशीला माशीचेच डोळे आले. या जनुकाचे प्रथिन डोळ्याची वीट नव्हे. ते डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसून इतर जनुके चालू किंवा बंद करते. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

प्रयोग अस्सल आहे. आमचा आक्षेप आहे तो त्याला दिलेल्या नावाला. एक तर, माशीच्या सगळ्याच पेशी हा हुकूम मानत नाहीत. शिवाय 'डॅक्सहुंड' आणि 'आइज अॅबसेंट' ही आयलेसच्या हाताखालची जनुकेही भलत्या जागी डोळे घडवू शकतात, हे १९९७ मध्येच दिसले होते. ती उलट आयलेसलाच चालू करतात. नोकराने मालकाला उठवावे, ही कसली मालकी? पुढे १९९९ मध्ये आयलेसच्याही वर 'ट्विन ऑफ आयलेस' सापडले.

दुसरे असे, की पॅक्स-६ केवळ डोळ्याचे नाही. उंदराच्या गर्भात मज्जारज्जू घडताना खालच्या बाजूने 'सॉनिक हेजहॉग' नावाचे संदेशप्रथिन पसरते. ते जिथे दाट, तिथे एनकेएक्स-२.२ हे जनुक चालू होते. विरळ असेल तिथे पॅक्स-६ टिकते. दोघे एकमेकांना दाबतात, म्हणून सीमा रेखीव राहते. पॅक्स-६ निकामी झाले, की एनकेएक्स-२.२ वर सरकते आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींची जागा आक्रसते. स्वादुपिंडातील काही पेशींनाही हेच पॅक्स-६ लागते. म्हणजे प्रथिन तेच; अर्थ मात्र पेशी कोठे आहे आणि तिच्यात आणखी कोण हजर आहे, यावरून ठरतो.

प्रमाणालाही महत्त्व आहे. माणसात पॅक्स-६ ची एक प्रत शाबूत असूनही दुसरी बिघडली, तर डोळ्याचे बुबुळ नीट बनत नाही.

हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. 'डोळ्याचे मालक जनुक' मान्य केले, की विद्यार्थी उद्या बुद्धीचे, रागाचे, गुन्हेगारीचे जनुक विचारतो. आणि आपणच ती वाट दाखवलेली असते. तेव्हा गेरिंग यांचा प्रयोग आवर्जून सांगा, पण फळ्यावर वरून खाली येणारा एकच बाण काढू नका. जाळे काढा, आणि काही बाण उलटेही जाऊ द्या.