‘एम्पायर : टोटल वॉर’मधील मराठे : गेम इंजिनाच्या मर्यादांची समीक्षा

प्रस्तावना : ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा युद्धनीतीवर आधारित संगणक खेळ मार्च २००९ मध्ये प्रकाशित झाला. इ.स. १७०० पासून सुरू होणाऱ्या त्यातील मुख्य मोहिमेत खेळाडूस मराठा सत्ता निवडता येते, ही बाब मराठी अभ्यासकांस स्वागतार्ह होय. तथापि विषयाइतकेच खेळाच्या इंजिनाचेही परीक्षण आवश्यक आहे.

विवेचन : ‘वॉरस्केप’ या नव्या इंजिनाने बंदुकांच्या फैरी व जहाजांच्या लढाया प्रभावीपणे साकारल्या. मात्र प्रारंभीच्या आवृत्तीत संगणकाच्या ताब्यातील सत्तांना समुद्रमार्गे सैन्य उतरविता येत नसे. पुढे हा दोष दुरुस्त करण्यात आला. अठराव्या शतकात इंग्रजांचे सामर्थ्य सागरी होते. शत्रू समुद्रावरून येतच नसेल, तर मराठ्यांच्या आरमाराचे प्रयोजनच उरत नाही. तांत्रिक दोषामुळे येथे इतिहासाचा विपर्यास होतो.

दुसरी उणीव सामूहिक खेळाची. अशा खेळात सर्व संगणकांवरील डावाची स्थिती तंतोतंत एक राहावी लागते. किंचित तफावतही डाव मोडते. दोन खेळाडूंच्या मोहिमेचे आश्वासन दिले गेले, परंतु ती चाचणी आवृत्तीपलीकडे गेली नाही. परिणामी मराठे व इंग्रज यांचा दीर्घ संघर्ष दोन माणसांना भरवशाने खेळता आला नाही. २०१० च्या ‘नेपोलियन : टोटल वॉर’मध्ये ही सोय झाली, पण तेथे मराठे नव्हते.

निष्कर्ष : अध्यापनात असे खेळ वापरताना कोणता परिणाम इतिहासातून आला आणि कोणता इंजिनाच्या दोषातून, हे प्राध्यापकांनी प्रथम तपासावे.