‘सेट’ नेमकं कोण करतं?

देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एक इंग्रजी क्रियापद दिवसभरात इतक्या वेळा कानावर पडतं, की ते इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ‘जॉब सेट झाला.’ ‘त्याची वरपर्यंत सेटिंग आहे.’ ‘तिच्याशी सेटिंग लावून दे ना.’ ‘भावा, लाईफ सेट!’ यातल्या पहिल्याच वाक्याचे दोन अर्थ होतात. चाकणच्या शॉपफ्लोअरवर जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला धातूचा तुकडा, आणि तो सेट झाला म्हणजे मापात निघू लागला. तेच वाक्य देहूरोड स्टेशनवर लोणावळा लोकलची वाट बघणारा पोरगा म्हणाला, तर त्याला नोकरी लागली. मला बोलायचंय ते या दोन अर्थांमधल्या अंतराबद्दल.

‘सेट’ला अर्थ चिकटत जाणं नवीन नाही. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. मूळ अर्थ मात्र साधा आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्याकडच्या सदन, संसद, परिषद या शब्दांतला ‘सद्’ धातू त्याच कुळातला. स्थळं बघताना आईवडील विचारतात तो ‘सेटल’ही याच घरातला, त्याचा उगम बसण्याच्या जागेच्या शब्दात आहे. म्हणजे ‘सेट’ हा शब्द परका असला तरी त्याची कल्पना आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. घडी बसते, बस्तान बसतं, हात बसतो.

कारखान्यात हा शब्द अजून मूळ अर्थाला धरून आहे. सीएनसी मशीनवर सेटर फिक्श्चर किंवा चकचे जॉ बसवतो, टूल जॉबला टेकवून झिरो घेतो, ऑफसेट भरतो, पहिला पीस काढून मायक्रोमीटरनं मोजतो आणि काही मायक्रॉनचा फरक ऑफसेटमध्ये दुरुस्त करतो. सगळं मापात आलं की मशीन ऑपरेटरच्या ताब्यात. त्याआधीच्या पिढीत भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रॉब मशीनचे कॅम बदलून हेच काम व्हायचं. इन्सर्ट झिजलं की माप सरकतं, लोक म्हणतात ‘सेटिंग हललं’, आणि सेटरला हाक जाते. या वापरात तीन गोष्टी पक्क्या असतात : कोणी सेट केलं, काय सेट केलं आणि बरोबर झालं की नाही हे कशानं मोजायचं.

गेटबाहेर आलं की या तिन्ही गोष्टी गळून पडतात. ‘त्याची सेटिंग आहे’ म्हणजे त्याची कुणा सुपरवायझरशी, ठेकेदाराशी किंवा नगरसेवकाच्या माणसाशी ओळख आहे. यासाठी मराठीत ‘वशिला’ होता. पण वशिला म्हणताना थोडी लाज वाटायची. वशिल्याचं तट्टू ही शिवीच होती. ‘सेटिंग’मध्ये ती लाज उरलेली नाही. कौशल्याचा शब्द ओळखीला लावला की ओळखही कौशल्य वाटायला लागते. ‘सेटिंग लावता आली पाहिजे’ हे वाक्य आपण आता सल्ला म्हणून देतो.

हे का झालं, हे या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला काढताना नोटीस आणि भरपाई देणं बंधनकारक केलं. आणि ते दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ मिळाल्याच्या कहाण्या इथल्या कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतात. आयटीआय केलेल्या मुलाचा हात बसायला दोन-तीन वर्षं लागतात आणि कंत्राट तर महिन्यांत मोजलं जातं. हात बसण्याआधीच उठायची वेळ येत असेल, तर पोरगं मायक्रोमीटरपेक्षा ओळखीवर भरवसा ठेवणारच. शिकलेल्यांचंही वेगळं नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती राज्याची पात्रता परीक्षाही ‘सेट’च. ती पास होऊन तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला ‘सेट झालास, पण सेट झाला नाहीस’ असं म्हटलं, तर त्यात विनोद किती आणि हिशेब किती?

तिसरा अर्थ प्रेमातला, आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. ‘त्यांचं जमलं’ या जुन्या वाक्यात दोघं आहेत. कुणी कुणाचं काही केलेलं नाही. ‘त्यानं तिला सेट केलं’ या वाक्यात मात्र एक कर्ता आहे आणि एक कर्म. आम्ही प्रोग्रॅमिंगमध्ये ‘सेटर’ नावाचं फंक्शन लिहितो. बाहेरून किंमत द्यायची, ती आत बसते. आतल्याला काय वाटतं हा प्रश्न येतच नाही. कोडमध्ये हे ठीक आहे. माणसाबद्दल बोलताना ‘तिनं काय ठरवलं?’ हा प्रश्नच वाक्यात मावत नसेल, तर नुसत्या स्लँगवर हसून पुढे जाता येत नाही.

शुद्धीवाले म्हणतील, इंग्रजी शब्द काढा, प्रश्न मिटेल. नाही मिटणार. कारण या शब्दाचं काम त्याच्यामागे येणारी मराठी क्रियापदं करतात. ‘सेट करणे’मध्ये कर्ता दिसतो. ‘सेट होणे’मध्ये तो लपतो; जणू पाऊस पडावा तशी नोकरी लागली. ‘सेटिंग लावणे’मध्ये मधला माणूस येतो. आणि ‘सेटिंग असणे’ म्हणजे तर मालमत्ताच : कुणाकडे शेत असतं, कुणाकडे सेटिंग. इंग्रजीकडून आपण फक्त दोन अक्षरं घेतली. कोण दिसावं आणि कोण लपावं, हे आपल्याच ‘करणे-होणे-लावणे-असणे’नं ठरवलंय.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही. दही सेट होऊ दे, केस सेट होऊ देत, जिममध्ये तीन सेट मारा. पण कुणी ‘सगळं सेट आहे’ म्हणालं, तर शॉपफ्लोअरवरचे तीन प्रश्न त्यालाही विचारावेत : कोणी केलं, कुणाच्या जागी केलं आणि मोजलं कशानं? मशीनवर पहिला पीस मापात नसेल तर सेटिंग पुन्हा करावं लागतं, मग सेटर कितीही वरच्या ओळखीचा असो. हा नियम गेटच्या आतच का राहावा, हे काही मला कळत नाही.