एवढंसं तर अंतर!

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा अमेरिकेत जाऊन बिघडलेला धाकटा भाऊ, असं आपल्याकडचे जाणकार म्हणतात. अमेरिकेतले जाणकार क्रिकेटबद्दल काय म्हणतात, ते इथे न लिहिलेलं बरं. मी या भाऊबंदकीत पडत नाही. माझं बेसबॉलप्रेम मुळात एका माणसापुरतंच आहे. त्याचं नाव स्टीव्ह सॅक्स. लॉस एंजेलिस डॉजर्सचा सेकंड बेसमन.

आता सेकंड बेसमन म्हणजे काय, हे सांगणं आलं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट. फलंदाजानं चेंडू मारला की पहिल्या बेसकडे सुसाट सुटायचं आणि तो पोचायच्या आत चेंडू तिथे पोचवायचा, की गडी बाद. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसमन हे बिचारे पार पलीकडून फेकतात. सेकंड बेसमन मात्र पहिल्या बेसच्या शेजारघरी. घरंगळत आलेला चेंडू उचलायचा आणि शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. वाटीभर साखर द्यावी तसा! अवघ्या खेळात याहून सोपं काम असेल, तर ते प्रेक्षकाचं.

हे सोपं काम सॅक्सला १९८३ साली जमेनासं झालं.

आदल्या वर्षीची त्याची कथा ऐकाल तर चाट पडाल. गार्व्ही, लोप्स, रसेल आणि से ही डॉजर्सची चौकडी १९७३ पासून १९८१ पर्यंत एकत्र खेळत होती. आपल्याकडे एकत्र कुटुंबंसुद्धा हल्ली इतकी टिकत नाहीत. त्यातल्या डेव्ही लोप्सच्या जागी १९८२ साली हा बावीस वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. धावायला वारा, अंगात उत्साह इतका की बघणाऱ्याला दम लागावा. घराण्याचं नाव राखलं हो पोरानं, असं सगळे म्हणू लागले. आणि असं सगळे एका सुरात म्हणू लागले, की माणसानं सावध व्हावं.

१९८३ चा उन्हाळा मी लॉस एंजेलिसला थोरल्या बहिणीकडे काढला. आमचे भाऊजी पक्के डॉजर्सवाले. ते मला डॉजर स्टेडियमवर घेऊन गेले. जाताना त्यांनी ट्रान्झिस्टर बरोबर घेतला. समोर सामना चालला असताना विन स्कली या समालोचकाचा आवाज कानाशी हवाच, अशी तिथली जुनी रीत. आपल्याकडे ब्रेबर्नवर कानाला ट्रान्झिस्टर लावून बसणारे मी पाहिले होते, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिथे दोन फेकणारे पाहिले. एक शेंगदाण्यांच्या पुड्या विकणारा. दहा रांगा पलीकडचं गिऱ्हाईक बोट वर करी, आणि हा पाठीमागून हात वळवून पुडी अशी सोडी, की ती बरोबर त्याच्या मांडीवर. दुसरा सॅक्स. त्याच्याकडे चेंडू आला, की पहिल्या बेसमागे बसलेली मंडळी डोक्यावर हेल्मेट चढवत. थट्टेनं हो! पण थट्टा अगदीच निराधार नव्हती.

"भाऊजी, पगार कुणाला जास्त?" मी विचारलं.

"तू शेंगा खा," भाऊजी म्हणाले. दुखऱ्या जागी बोट लागलं होतं.

आता मुद्द्याचं बोलतो. त्या वर्षी सॅक्सच्या नावावर ३० चुका लागल्या, त्यातल्या बऱ्याचशा फेकीच्या. हे मी लपवत नाही, आकडा पुस्तकातच आहे. माझं भांडण आहे ते तज्ज्ञांच्या निदानाशी. ते म्हणाले, पोरगं मनानं कच्चं. कच्चं? त्याच वर्षी या कच्च्या पोरानं ५६ बेस चोरले. बेस चोरणं म्हणजे गोलंदाजाच्या, यष्टिरक्षकाच्या आणि हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पुढच्या बेसवर धूम ठोकणं. खिसेकापूलासुद्धा यापेक्षा जास्त आडोसा मिळतो! शिवाय त्या जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगकडून सेकंड बेसवर सुरुवातीपासून कोण उभा होता? सॅक्सच. लोक एकीकडे हेल्मेट घालत होते आणि दुसरीकडे त्यालाच मतं देत होते. लोकशाही म्हणतात ती हीच.

मनाचा कच्चेपणा नव्हे, हा रिकामपणाचा रोग आहे. नीट पाहिलं तर ध्यानात येई. चेंडू अवघड यावा, सॅक्सनं सूर मारावा, धुळीत लोळत उठावं आणि तसाच अंग वळवून फेकावा, तर फेक सुतासारखी सरळ. चेंडू अलगद हातात यावा, फलंदाज अजून अर्ध्या वाटेवर असावा, फेकायला हवा तेवढा अवकाश असावा, की घोटाळा! आमचं डोकं हे लग्नघरातल्या रिकाम्या काकांसारखं असतं. घाईगर्दीत कुणी त्यांना विचारत नाही आणि कामं झकास होतात. जरा उसंत मिळाली, की काका पुढे सरसावतात: "थांब, तो हंडा असा नाही धरायचा." संपलं! बँकेच्या खिडकीशी उभं राहून, कारकून नमुन्याची सही काढून बसला असताना, तुम्ही स्वतःचीच सही करून पाहा. वीस वर्षं जी सही झोपेत केली, तिचा शेवटचा फाटा वर जातो की खाली, हेच आठवत नाही. फरक इतकाच की बँकेत तुमच्यामागे पंचावन्न हजार माणसं हेल्मेट घालून उभी नसतात.

त्या हेल्मेटांबद्दलही एक रसिक म्हणून बोललं पाहिजे. विनोद म्हणून ती कल्पना पहिल्या दिवशी फर्मास होती. चौथ्या दिवशी तोच विनोद शिळा झाला, आणि दहाव्या दिवशी तो विनोदच राहिला नाही. सॅक्सचा सहकारी पेद्रो गरेरो याच्या नावावर खपणारा किस्सा मला त्यापेक्षा सरस वाटतो. थर्ड बेसवर तोही नवखा. तिथे उभा असताना तुझ्या मनात काय चालतं, असं त्याला विचारलं. उत्तराचा मथितार्थ असा, की पहिला धावा हा की चेंडू माझ्याकडे येऊ नये, आणि दुसरा हा की तो सॅक्सकडे जाऊ नये. हेल्मेटवाला दुसऱ्याला हसतो. गरेरो आधी स्वतःला हसला, मग मित्राला. विनोदातला सभ्यपणा म्हणतात तो हा.

उपाय सगळ्यांनी सुचवले. अमुक पाय पुढे टाक, तमुक कोपर वर धर. म्हणजे आधीच रिकाम्या काकांनी घर भरलेलं, त्यात आणखी पाहुणे! उपयोगी पडला तो एकच माणूस. सॅक्सनं स्वतः पुढे ही हकिकत सांगितली आहे. त्याचे वडील तेव्हा आजारी होते. ते त्याला म्हणाले, की शाळेत असताना मलाही अगदी असंच झालं होतं. एके दिवशी सकाळी उठशील आणि हे गेलेलं असेल. त्यानंतर लवकरच वडील वारले. वडिलांना जमलं तर मलाही जमेल, या एका धाग्यावर पोरगा तगून राहिला, आणि मोसम संपता संपता चेंडू पुन्हा सरळ जाऊ लागला. पुष्कळ दिवसांनी आईशी बोलताना तिनं सांगितलं, की अरे, तुझ्या वडिलांना असं काही कधी झालंच नव्हतं.

ही हकिकत भाऊजींनी मला एका पत्रात कळवली होती. एरवी ते कात्रणावर शेरा मारून पाठवायचे. या पत्रावर शेरा नव्हता.

पुढचं सगळं चढतं. १९८६ साली त्याची फलंदाजीची सरासरी .३३२. टिम रेन्सच्या .३३४ ने त्याचा पहिला नंबर तेवढा हुकवला. १९८८ साली डॉजर्सबरोबर वर्ल्ड सिरीज. १९८९ साली तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला आणि त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सगळ्या सेकंड बेसमनांत क्षेत्ररक्षणाची सर्वोत्तम टक्केवारी कुणाची? ज्याच्यासाठी लोक हेल्मेटं घालत त्याची!

हा रोग हटकून बरा होतोच असं मात्र नाही. त्याच यांकीजकडे पुढे चक नॉब्लॉक आला. १९९७ चा गोल्ड ग्लव्ह मिळवलेला, म्हणजे क्षेत्ररक्षणातला शास्त्रीबुवाच. तोही याच एवढ्याशा अंतरावर अडला. २००० साली त्याचा एक थ्रो थेट प्रेक्षकांत जाऊन एका नामांकित टीव्ही निवेदकाच्या आईच्या चष्म्यावर बसला. २००१ साली त्याला उचलून दूर लेफ्ट फील्डला नेऊन ठेवलं. तिथून तो बरा फेकायचा. अंतर लांब होतं ना!

सॅक्स थोरांच्या पंगतीतला नव्हे. १,९४९ फटके, ४४४ चोरलेले बेस, हॉल ऑफ फेममध्ये नाव नाही. भक्त असलो तरी मी हिशेब चुकवत नाही. पण तज्ज्ञांनी या दुखण्याला त्याचंच नाव देऊन टाकलं, 'स्टीव्ह सॅक्स सिंड्रोम', हे मला अजून खुपतं. ज्यानं रोग परतवला, त्याचं नाव औषधाला द्यावं की रोगाला? लॅसोर्डा या त्याच्या व्यवस्थापकानं त्याला त्या जागेवरून हलवलं नाही, आणि त्यानंही कधी पाठीचं वा पोटाचं दुखणं काढून सुट्टी मागितली नाही. हेल्मेटं दिसत असताना रोज त्याच जागी जाऊन उभं राहायचं, आणि चेंडू आपल्याकडे आला की तो उचलायचा. फेक चुकली तर चुकली. मला विचाराल तर त्या वर्षीचा त्याचा खेळ १९८९ च्या खेळापेक्षा मोठा.

बेसबॉलच्या धावपुस्तिकेत सेकंड बेसमनचा आकडा ४. त्याची चूक झाली की 'ई-४' असं लिहितात. त्या वर्षी हा शेरा पुष्कळदा लिहिला गेला. पण त्या मोसमातली सर्वांत अचूक फेक मैदानावर झालीच नाही. ती एका आजारी बापानं केली, धडधडीत खोटं बोलून, आणि नेमकी जिथे पोचायला हवी तिथे पोचवली. असल्या फेकीसाठी धावपुस्तिकेत रकाना नसतो.